गोल न करणारा मुलगा

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत असतो. माझा मुलगा चिन्मय (नाव बदललं आहे) न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. वय २१. विषय बायोकेमिस्ट्री, पुढे डॉक्टर व्हायचंय. आणि तो कॉलेजच्या आइस हॉकी संघात डिफेन्समन, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, आहे. बारावीनंतर एक वर्ष नेब्रास्कात परक्यांच्या घरी राहून ज्युनियर हॉकी खेळला, तेव्हापासूनच ह्यांच्या मनात अढी आहे. तरी पोराने नाव राखलं. जीपीए चारपैकी ३.७, लीगच्या अभ्यासात चमकलेल्या खेळाडूंच्या यादीत दोन्ही वर्षं नाव. फक्त गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मायनस आला. (फेब्रुवारीत डोक्याला थोडं लागलं होतं, दहा दिवस खेळला नाही. आता ठणठणीत आहे.)

पुढच्या वर्षी त्याला कॅप्टन करायचं कोचच्या मनात आहे. एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या एका क्लबचा माणूस दोनदा येऊन सामना बघून गेला, जुलैच्या शिबिराला बोलावू म्हणतोय. ह्यांचं म्हणणं असं की येत्या जानेवारीत एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, दे, आणि मार्चला सीझन संपला की हॉकीला रामराम. दोन दगडांवर पाय ठेवून कुणाचं भलं झालंय? साताऱ्याहून सासरे फोनवर विचारतात, "अजून खेळतोच का तो?" आणि चिन्मय रविवारच्या फोनवर "हो", "ठीक" याच्यापुढे जात नाही.

ताई, दोन्ही एकदम जमतं का? नसेल तर सोडायचं कोणतं? आणि एक कबुली देते. मला हा खेळ कळत नाही. दोन वर्षांत त्याचे तीन गोल. सामना संपला की लोक येऊन म्हणतात, "आज काय खेळला तुमचा मुलगा!" मी हसून मान डोलावते. त्याने काय केलं ते मी पाहिलेलंच नसतं. अर्धा वेळ कॉफीच्या रांगेत असते.

— चिन्मयची आई


चिन्मयच्या आई, नमस्कार.

तुम्ही जे कंसात घातलंत तिथूनच सुरुवात करते. बाकीचं नंतर.

ऑरगॅनिकचा बी मायनस आणि फेब्रुवारीत डोक्याला बसलेला मार, दोन्ही एकाच सत्रातले. पत्रात ते शेजारीशेजारी आहेत, पण त्यांची सांगड तुम्ही घातलेली नाही. घरातही कुणी घातली नसावी. त्याच्या बाबांनी तो बी मायनस सरळ हॉकीच्या खाती मांडला आहे: खेळण्यात वेळ गेला, म्हणून मार्क गेले. मी डॉक्टर नाही. पण दोन मुलांपायी पंधरा-सोळा वर्षं रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, गारठलेल्या बाकांवर काढली आहेत. 'थोडं लागलं, दहा दिवस खेळला नाही' याला इथे बहुतेक वेळा कंकशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, म्हणतात, एवढं त्यातून कळलं. त्या दिवसांत जसं बर्फावर उतरवत नाही तसंच पुस्तकही उघडवत नाही. पडद्याकडे पाहिलं की डोकं ठणकतं. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. व्याख्यान ऐकताना मधली दहा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. आणि ऑरगॅनिक हा असा विषय आहे की त्यात एक आठवडा बुडाला की पुढचे चार आठवडे त्या बुडालेल्याच्या शोधात जातात.

नियम चांगले आहेत. कंकशनचं निदान झालं त्या दिवशी खेळाडूला परत बर्फावर पाठवता येत नाही. आणि क्रमही ठरलेला आहे: आधी वर्ग, मग रिंक. अभ्यासाचा ताण डोक्याला पेलतो आहे हे दिसलं, की मगच धक्काबुक्कीला परवानगी. पण पुष्कळदा होतं उलटं. संघाचा ट्रेनर रोज भेटतो, रोज विचारतो. प्राध्यापकाला कुणी काही सांगितलेलंच नसतं. मुलगा रीतसर सांगून सराव चुकवतो आणि काहीही न सांगता पेपरला बसतो.

तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा. रविवारच्या फोनवर नको, समोर बसवून, जेवणं झाल्यावर. डोकं नक्की किती दिवस दुखत होतं? प्राध्यापकांना कळवलं होतंस का? आणि याआधी, नेब्रास्कात किंवा शाळेत असताना, असं कधी झालं होतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन येणार नाही. संघात आठ-नऊ डिफेन्समन असतात, सामन्याला सहा उतरतात, फार तर सात. डोकं दुखतंय म्हटलं की जागा जाते, म्हणून ही पोरं म्हणत नाहीत. उत्तर 'दोनदा' किंवा 'तीनदा' असं आलं, तर हे पान इथेच बंद करा आणि न्यूरॉलॉजिस्ट गाठा. कॉलेजचा नव्हे, तुम्ही निवडलेला. मग कॅप्टनपद, शिबिर, एमकॅट, सगळं त्याच्यानंतर. उत्तर 'एकदाच, आणि दोन आठवड्यांत पूर्ण बरं वाटलं' असं आलं, तर पुढे वाचा.

बी मायनसचं म्हणाल, तर एका बी मायनसने मेडिकलचं दार लागत नाही. त्याच्यामागून आलेल्या बायोकेमिस्ट्रीत आणि फिजिक्समध्ये काय मिळालं ते बघतात. तिथे ए असला की त्या बी मायनसची गोष्ट आपोआप कळते.

आता जानेवारी.

एमकॅट जानेवारी ते सप्टेंबरमधल्या ठरावीक तारखांना देता येते. जानेवारीतली द्यायची तर तिचा अभ्यास पडतो ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे ऐन सीझनमध्ये. तीनेकशे तास लागतात असं सगळेच धरून चालतात. ते आणायचे कुठून? कागदावर कॉलेजच्या खेळाडूला आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त खेळात गुंतवता येत नाही. पण त्या हिशेबात सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीन तासांचा धरतात आणि बसचा प्रवास मोजतच नाहीत. त्याच्या कॉलेजवरून बस निघाली की पाच-सहा तास बर्फातून चालते. सामने शुक्रवारी आणि शनिवारी. रविवारी पोरगा झोपतो. (तो फोनवर "हो", "ठीक" म्हणतो ना, त्यातलं निम्मं झोपेचं आहे. उरलेल्या निम्म्याचं पुढे बोलू.) आणि परीक्षा स्वतःच साडेसात तासांची. शुक्रवार-शनिवार खेळून पुढच्या आठवड्यात तिला बसवायचं म्हणजे आपणच त्याचा मार्क पाडायचा आणि पुन्हा हॉकीच्या नावाने बिल फाडायचं.

बाबांना जानेवारीच का हवी आहे, हे माझ्या लक्षात येतं. जानेवारीत परीक्षा, येत्या जूनमध्ये अर्ज, म्हणजे पदवी हातात पडल्यापडल्या मेडिकल सुरू. मध्ये एक दिवस रिकामा नाही. त्यांच्या मनातलं घड्याळ आपल्याकडचं आहे. बारावी, नीट, एमबीबीएस, आणि एकोणिसाव्या वर्षी गळ्यात स्टेथोस्कोप. 'ड्रॉप घेतला' हे आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजात सांगायचं असतं. अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्या मुलांतली निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून येतात. पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांचं सरासरी वय चोविसाच्या आसपास असतं. चिन्मय पदवीनंतर एक वर्ष थांबला तर किती वर्षांचा असेल? चोवीस.

म्हणून माझा आराखडा असा. जानेवारी सोडून द्या. मार्चपर्यंत त्याने खेळावं आणि वर्गातलं नीट करावं. मे महिन्यात परीक्षा संपल्या की एमकॅटचा अभ्यास, आणि परीक्षा ऑगस्टच्या शेवटाला. जुलैचं शिबिर असतं चार-सहा दिवसांचं, तेवढ्याने काही बिघडत नाही. पुढचं वर्ष त्याने कॅप्टन म्हणून खेळावं. अर्ज त्याच्या पुढच्या जूनमध्ये, पदवी घेतल्यावर, चारही वर्षांचे मार्क दाखवून. मधल्या वर्षात प्रयोगशाळेत नोकरी करावी, रुग्णवाहिकेवर काम करावं, किंवा युरोपात कुणी बोलावलं तर एक हिवाळा खेळून यावं. मेडिकलवाले त्याला नावं ठेवत नाहीत. उलट मुलाखतीत विचारायला त्यांना काहीतरी मिळतं.

तुमचा मूळ प्रश्न: दोन्ही एकदम जमतं का?

कॉलेजची चार वर्षं जमतं, तुमच्याच घरात जमतंय. अडतं ते उंबरठ्यावर, जिथे एकाची पुढची पायरी दुसऱ्याच्या मध्ये येते. तिथे ज्यांनी दोन्हीकडे नाव कमावलं त्यांनी काय केलं ते सांगते. आणि मुद्दाम डिफेन्समनच घेते.

कॅनडात एडमंटनचा रँडी ग्रेग. अल्बर्टा विद्यापीठात तो वैद्यकी शिकत होता आणि त्याच विद्यापीठाच्या गोल्डन बेअर्स संघात डिफेन्सला खेळत होता. १९७८ आणि १९७९ साली त्या संघाने देशातल्या विद्यापीठांचं अजिंक्यपद जिंकलं. १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला तो कॅनडाचा कर्णधार होता. मग दोन वर्षं जपानमध्ये खेळला. एनएचएलमध्ये, एडमंटन ऑयलर्सकडे आला तो १९८२ साली, तेव्हा २६ वर्षांचा होता आणि डॉक्टर होऊन आला होता. आइस हॉकीतला सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्स्की, त्याचा संघ हा. या संघाने १९८४, ८५, ८७, ८८ आणि ९० असे पाच स्टॅन्ली कप (एनएचएलचं अजिंक्यपद) जिंकले आणि पाचही वेळा ग्रेग संघात होता. ८८ साली तर कॅल्गरीच्या ऑलिंपिकला देशाकडून खेळून परत येऊन त्याच वसंतात कप उचलला. खेळ थांबल्यावर एडमंटनमध्येच खेळाडूंच्या दुखापती बघणारा डॉक्टर झाला. त्याच्याबाबतीत डॉक्टरी आधी पुरी झाली आणि मग थांबली. दहा वर्षं थांबली, पण कुठे गेली नाही.

दुसरी अँजेला रुजेरो, तीही डिफेन्सची. महिलांचं आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९९८ साली नागानोला, आणि अमेरिकेने सुवर्ण घेतलं. त्या संघात ही शाळकरी वयाची पोर होती. मग हार्वर्ड. २००२च्या ऑलिंपिकसाठी तिने कॉलेज मध्येच थांबवलं, रौप्य घेऊन परत वर्गात येऊन बसली. पदवी २००४ साली, सन्मानासह, आणि त्याच वर्षी कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पॅटी कॅझमायर पुरस्कार. तिच्याबाबतीत थांबलं ते कॉलेज. पुढे आणखी दोन ऑलिंपिक, मग हार्वर्डमधूनच एमबीए. २०१५ साली टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेली. हे सगळं एका ओळीत वाचलं की वाटतं, ही बाई झोपत कधी होती? झोपत होती. एका वेळी एक उंबरठा ओलांडत होती, एवढंच.

तिसरा मार्क फस्को, थोडक्यात. हार्वर्डचाच. कॉलेज हॉकीतला सर्वांत मोठा होबी बेकर पुरस्कार मिळवणारा पहिला डिफेन्समन, साल १९८३. (तीन वर्षांनी त्याच्या भावाला, स्कॉटला, तोच पुरस्कार मिळाला. त्यांच्या आईची मला फार उत्सुकता आहे.) १९८४चं सारायेव्हो ऑलिंपिक, मग हार्टफर्डकडून एनएचएलचे ८० सामने, आणि ऐन पंचविशीच्या आसपास तो खेळाला नमस्कार करून बिझनेस स्कूलला गेला. पुढे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा प्रमुख झाला. म्हणजे तुमच्या यजमानांच्या मनात जे आहे ते त्याने केलं, पण कॉलेजची चार वर्षं पूर्ण खेळून झाल्यावर, आणि स्वतः ठरवून.

तिघांचा क्रम वेगळा. म्हणून 'कोणतं सोडायचं' हा प्रश्न मला चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. कोणतं थांबू शकतं, ते बघा. एमकॅट आठ महिने थांबू शकते. मेडिकल एक वर्ष थांबू शकतं. कॅप्टनपद थांबत नाही, ते पुढच्या ऑक्टोबरात आहे आणि त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात दुसऱ्या कुणाचं असेल. दोन दगडांचं म्हणाल, तर साताऱ्याकडच्या माणसाला ओढा कसा ओलांडतात ते मी काय सांगणार.

बाबांची बाजू मात्र मला सोडायची नाही, कारण एका बाबतीत ते पूर्ण बरोबर आहेत. शिबिराला बोलावणं म्हणजे नोकरी नव्हे. एनएचएल क्लबच्या जुलैच्या शिबिरात कुठल्याच क्लबने न निवडलेली कॉलेजची कितीतरी मुलं बोलावलेली असतात. त्यांना बघतात, घाम काढतात, टी-शर्ट देतात आणि घरी पाठवतात. कधीतरी एखादा लागतो. डिफेन्समन उशिरा पिकतात हेही खरं. ब्रायन रफाल्स्की विस्कॉन्सिनमधून पदवी घेऊन निघाला तेव्हा कुणी विचारलं नाही. स्वीडन-फिनलंडात खेळून तो १९९९ साली न्यू जर्सी डेव्हिल्सकडे, म्हणजे तुमच्याच राज्यात, आला आणि पहिल्याच मोसमात स्टॅन्ली कप घेतला. पण एका रफाल्स्कीमागे ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत असे शेकडो आहेत. चिन्मयने शिबिराला हौसेने जावं, परतीचं तिकीट काढून जावं. चौथ्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री सोडून करार करायची वेळ आलीच, तर मला पुन्हा पत्र पाठवा. तेव्हा मी बाबांच्या बाजूने बोलेन.

आणि बाबांना एक व्यवहाराची गोष्ट सांगा, ती त्यांना लगेच पटेल. चिन्मयला हॉकीची शिष्यवृत्ती असेल तर त्याने स्वतःहून संघ सोडल्यावर कॉलेज ती काढून घेऊ शकतं. (सगळीच कॉलेजं अशी शिष्यवृत्ती देत नाहीत, तुमची मदत कुठल्या खात्यातून येते ते पत्र काढून बघा.) शिवाय कॅप्टनपद ही आज साधी गोष्ट नाही. ऑगस्ट २०२५पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधल्या (तिथली तरुण खेळाडूंची सर्वांत वरची पायरी) मुलांनाही अमेरिकन कॉलेजांचं दार उघडलं. ती मुलं वर्षाला साठ-सत्तर सामने खेळून तयार झालेली असतात. त्या गर्दीत एखादा कोच बायोकेमिस्ट्रीच्या मुलाकडे संघ सोपवतो आहे. कशामुळे सोपवतो आहे, हे कोचला एकदा विचारावं असं मला फार वाटतं. पण पालकांनी कोचला फोन करू नये हा इथला अलिखित कायदा आहे, तेव्हा चिन्मयलाच विचारा.

साताऱ्याच्या आजोबांना आइस हॉकीचं सांगू नका, त्यांना ते बर्फावरचं सर्कसच वाटणार. त्यांना वीरेन रस्किन्हाचं सांगा. मुंबईचा मुलगा, आपल्या नेहमीच्या हॉकीतला, २००४चं अथेन्स ऑलिंपिक खेळला, भारताचा कर्णधार झाला आणि तिशी गाठायच्या आधी खेळ थांबवून हैदराबादला एमबीए करायला गेला. पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टचा कारभार हाती घेतला, ज्यातून आपल्या कितीतरी खेळाडूंना पदकांपर्यंत जायला मदत झाली. "अजून खेळतोच का" याला "हो, आणि शिकतोही" हे उत्तर आजोबांना एका नावासकट मिळालं की ते पुढच्या वेळी दुसरा प्रश्न विचारतील.

माझ्या थोरल्याचं हॉकी मी अकरावीत सोडवलं. गोलकीपर होता. एसएटीचं, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचं, वर्ष होतं, आणि मलाही दोन दगड दिसत होते. त्याचे पॅड दोनशे डॉलरला विकले, तेही मी. सुटलेले तास अभ्यासात जातील असा माझा हिशेब होता. ते तळघरात गेले, व्हिडिओ गेमकडे. मार्क होते तेवढेच राहिले. आज तो चाळिशीला आला आहे, चांगलं चाललंय त्याचं. पण अजून कुठे रिंक दिसली की गाडी हळू करतो. मी शेजारी बसलेली असले तर करत नाही.

ते "हो, ठीक"चं उरलेलं निम्मं आता. मला वाटतं त्याला कळून चुकलंय की घरचा फोन म्हणजे परीक्षेची तारीख. एक रविवार त्याला एमकॅटबद्दल काही विचारू नका. खेळाबद्दल विचारा. तुम्हाला खेळ कळत नाही ही अडचण नाही, तोच तुमचा प्रश्न आहे. "मला गोल दिसतात, तू काय करतोस ते दिसत नाही, सांग ना" असं म्हणून बघा. एकविसाव्या वर्षाच्या मुलाला आईने असं काही विचारलं की तो मिठाची बरणी आणि चमचे घेऊन टेबलावर मैदान मांडायला बसतो. फोनवर असेल तर व्हिडिओ पाठवेल, एकाच शिफ्टचा, म्हणजे बर्फावर उतरून परत बाकावर येईपर्यंतचा, चाळीस सेकंदांचा, आणि तुम्हाला तो चार वेळा बघावा लागेल.

तोवर थोडं माझ्याकडून. आपल्याकडच्या हॉकीत फुलबॅक म्हणायचे, त्याचा हा बर्फावरचा भाऊ. समोरून हल्ला येतो तेव्हा तो तोंड हल्ल्याकडे ठेवून उलटा, मागे मागे जात असतो, आणि समोरच्याइतक्याच वेगाने. समोरच्याच्या आणि आपल्यामधलं अंतर काठीएवढं ठेवायचं. कमी पडलं तर तो बाजूने निसटतो, जास्त झालं तर त्याला मारायला जागा मिळते. हळूहळू त्याला मधल्या भागातून कडेच्या फळीकडे ढकलत न्यायचं, जिथून गोलावर धड नेम लागत नाही. मग पक, म्हणजे ती रबरी चकती, काढून घ्यायचा आणि पहिला पास आपल्या माणसाच्या काठीवर टाकायचा. हे नीट झालं तर प्रेक्षकांना काहीच झालं नाही असं वाटतं. डिफेन्समन लोकांच्या नजरेत येतो तो चुकल्यावर. सामन्यानंतर लोक येऊन "काय खेळला तुमचा मुलगा" म्हणतात, तेव्हा त्यांनी बहुधा असे पंधरा-वीस हल्ले मोजलेले असतात ज्यांचं पुढे काही झालं नाही.

पुढच्या सामन्याला खाली काचेजवळ बसू नका, वर बसा, कोपऱ्यात. पकाकडे बघू नका, सवय मोडायला जड जाईल पण फक्त त्याच्याकडे बघा, बर्फावर येतो तिथून बाकावर परत बसेपर्यंत. आणि कॉफीची रांग पहिल्या मध्यंतरात उरकून घ्या, किंवा नकोच ती कॉफी, घरून थर्मासमध्ये चहा न्या. कारण सामना तीन पिरियडचा, आणि दुसऱ्या पिरियडला संघ बाजू बदलतात आणि आपलं बाक आपल्या गोलापासून लांब जातं. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला दमलेला डिफेन्समन चार पावलांत बदली करून घेतो. दुसऱ्यात त्याला अख्खा मधला पट्टा ओलांडावा लागतो, आणि पक आपल्याच भागात अडकला असेल तर तो सोडून जाता येत नाही. मग चाळीस सेकंदांची शिफ्ट दीड मिनिटाची होते. पाय शिशाचे होतात, समोर ताजी माणसं येतात, आणि तो तिथेच, गोलासमोर, काठी खाली ठेवून उभा असतो. तुम्ही रांगेत असता ती हीच वेळ.

— ताई